ऑइल किती तापलंय? टूरिंग गाडीला टेंपरेचर मीटर बसवताना

रॉयल एनफील्डच्या हिमालयन ४११ या मोटरसायकलच्या डॅशवर कंपास आहे, बाहेरच्या हवेचं तापमान आहे, दोन ट्रिप मीटर आहेत, कुठल्या गियरमध्ये आहात तेही दिसतं. इंजिनातलं ऑइल किती तापलंय, एवढंच दिसत नाही. मे महिन्यात वर्ध्याच्या पुढे दुपारी दोन वाजता डॅश सांगतो, बाहेर ४५. ते मला हेल्मेटच्या आत आधीच कळलेलं असतं. मला हवा असतो तो दुसरा आकडा.

म्हणून मी माझ्या ४११ ला वेगळं ऑइल टेंपरेचर मीटर बसवलं. मी मेकॅनिक नाही. रविवारची एक सकाळ आणि दुपारचा थोडा भाग गेला, आणि पहिल्या वेळी एक ढोबळ चूक झाली, ती पुढे सांगतोच. ज्यांनी आजवर स्वतः फक्त चेन साफ केली आहे, फार तर ऑइल बदललं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. गाडी वेगळी असली तरी पद्धत हीच राहील. आट्यांची मापं तेवढी तुमच्या गाडीची घ्या.

या आकड्याचं करायचं काय?

हिमालयन ४११ चं इंजिन हवेवर आणि ऑइलवर थंड होतं. रेडिएटर नाही, कूलंट नाही. पुढे एक छोटा ऑइल कूलर आहे. अशा इंजिनात ऑइल फक्त वंगण नसतं, उष्णता वाहून नेणारा हमालही तेच असतं. त्याच ऑइलमध्ये क्लच भिजलेला असतो आणि गियरही त्यातच फिरतात.

ऑइल फार तापलं की पातळ होतं आणि लवकर सडतं. ढोबळ हिशेब असा की, तापमान १० अंशांनी वाढलं की ऑक्सिडेशनचा वेग साधारण दुप्पट होतो. उलट बाजूनेही त्रास आहे. रोज घर ते ऑफिस ४ किलोमीटर चालवणाऱ्याचं ऑइल नीट तापतच नाही. इंजिनात साचलेला ओलावा आणि पेट्रोलचा अंश उडून जात नाही, आणि ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधाळ फेस दिसायला लागतो. पावसाळ्यात हा फेस पाहून हेड गॅस्केट गेलं म्हणून घाबरलेली माणसं मी पाहिली आहेत. या इंजिनात कूलंटच नाही, तर ते ऑइलमध्ये येणार कुठून? ऑइल गरम होत नव्हतं, एवढंच.

मीटर इंजिन थंड करत नाही हेही आधीच सांगून टाकतो. ते बसवलं म्हणून गाडी कमी तापणार नाही. आपल्या गाडीचं नेहमीचं तापमान किती, हे मात्र कळतं, आणि एकदा ते कळलं की नेहमीपेक्षा वेगळं काही झालं की चटकन लक्षात येतं.

मीटर निवडताना

मीटर आणि सेन्सर एकाच जोडीचे घ्या. हा नियम मोडू नका. सेन्सर म्हणजे तापमानानुसार रेझिस्टन्स बदलणारा एक छोटा तुकडा. बहुतेक सेन्सर एनटीसी प्रकारचे असतात, म्हणजे तापमान वाढलं की रेझिस्टन्स कमी होतो. किती तापमानाला किती रेझिस्टन्स, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. एका कंपनीचं मीटर आणि दुसरीचा सेन्सर जोडला तर आकडा दिसतो, पण तो काहीच्या काही असतो. मीटर बंद राहिलं असतं तर बरं, असं वाटायला लावणारा प्रकार.

बाकी तीन गोष्टी बघा. किमान १५० अंशांपर्यंत दाखवणारं हवं. पाण्यापासून पूर्ण संरक्षण हवं, कारण आपल्याकडचा पाऊस समोरून येतो, खालून येतो आणि ट्रकच्या चाकाखालून बाजूनेही येतो. आणि भर उन्हात वाचता आलं पाहिजे. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळीच मीटरं सुंदर दिसतात. बाहेर फूटपाथवर नेऊन बघा.

काटा की आकडे, हा आवडीचा प्रश्न. एका सिलिंडरच्या थरथरत्या गाडीवर स्वस्तातल्या मीटरचा काटा टिकत नाही, म्हणून मी आकड्यांचं घेतलं.

सेन्सर कुठे बसवायचा

इथे घाई करू नका. एकाच इंजिनात एकाच क्षणी ऑइलचं तापमान जागोजागी वेगळं असतं. हेडवरून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातून, परतणारं ऑइल सगळ्यात गरम, चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी, साठलेलं मध्यम, कूलरमधून बाहेर पडणारं त्याहून थंड. दोन मित्र हॉटेलच्या टेबलावर आपापल्या मीटरचे आकडे सांगून भांडत असतील, तर आधी विचारा की सेन्सर कुठे आहेत. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

पहिली जागा ऑइल भरायच्या झाकणाची. झाकणालाच गोल थर्मामीटर असतो. झाकण काढलं, हे लावलं, वायर नाही, काही नाही. काही जुन्या परदेशी टूरिंग गाड्यांत डिपस्टिकच्या जागी असा थर्मामीटर बसतो, त्याची दांडी खाली ऑइलमध्ये बुडते आणि तो चांगला चालतो. पण हिमालयनला डिपस्टिक नाही, ऑइलची पातळी बघायला काचेची खिडकी आहे. झाकणाची दांडी ऑइलपर्यंत पोचत नसेल तर तो आतल्या हवेचं आणि उडालेल्या शिंतोड्यांचं तापमान सांगणार. शिवाय तो बघायला चालत्या गाडीवर मांडीखाली वाकावं लागतं. नकोच.

दुसरी जागा ऑइल कूलरच्या पाइपात. तिथे ऑइल सतत वाहतं, त्यामुळे आकडा चपळ असतो. पण तिथे दाबाखालचं ऑइल असतं. जोड कमी पडला तर ऑइल टपकत नाही, फवारा उडतो, आणि तो मागच्या टायरवर गेला तर पुढचं सांगायला नको. पहिलंच काम असेल तर पाइपाला हात लावू नका.

तिसरी जागा खालच्या ड्रेन बोल्टची, म्हणजे जुनं ऑइल काढायला उघडतात त्या बोल्टची. बोल्ट काढून त्याच जागी सेन्सर, किंवा मधोमध भोक असलेला बोल्ट आणि त्यात सेन्सर. इंजिनात नवीन भोक पाडायचं नाही, चेंबरमधल्या ऑइलचं स्थिर तापमान मिळतं, आणि नको झालं तर जुना बोल्ट परत लावला की गाडी होती तशी. नवख्यासाठी हीच जागा.

तोटे या जागेचेही आहेत. सेन्सरचं डोकं गाडीच्या पोटाखाली येतं. ४११ चा ग्राउंड क्लिअरन्स २२० मिलिमीटर आहे आणि खाली चेंबर गार्ड आहे, पण स्पितीच्या रस्त्यावरचे दगड ही मापं वाचून उडत नाहीत. सेन्सर तुटला तर चेंबरमधलं सगळं ऑइल रस्त्यावर. त्यामुळे सेन्सरचं डोकं गार्डच्या वर, आत राहिलंच पाहिजे. गार्ड आणि बोल्ट यांच्यामध्ये किती जागा आहे ते सेन्सर विकत घ्यायच्या आधी मोजा. ज्या गाडीला गार्ड नाही आणि जिला कच्च्या रस्त्यावर न्यायचं आहे, तिला या जागी सेन्सर लावू नका.

चौथी जागा मी केवळ इशारा म्हणून सांगतो. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ईसीयूसाठी, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरसाठी, इंजिनाच्या तापमानाचा एक सेन्सर असतोच. "त्याच्याच वायरला जोड मारू, वेगळा सेन्सर कशाला?" असं सांगणारा कोणीतरी भेटतो. मारू नका. मीटर त्या सर्किटमध्ये घुसलं की ईसीयूला दिसणारा आकडा बदलतो, आणि इंजिन प्रत्यक्षात आहे त्याहून थंड किंवा गरम समजून तो पेट्रोल कमीजास्त करायला लागतो. मग गाडी सकाळी नीट चालू होत नाही आणि दोष पेट्रोल पंपाला जातो.

आट्यांचं माप

ड्रेन बोल्टचं माप नेटवर वाचून सेन्सर मागवू नका. गाडीचं वर्ष बदललं की सुटे भाग बदलतात, आणि आधीच्या मालकाच्या मेकॅनिकने काय बसवलंय ते कोणी सांगावं. पुढच्या ऑइल बदलाच्या वेळी बोल्ट हातात घ्या आणि व्हर्नियरने व्यास मोजा. मग थ्रेड गेजची पानं एकेक करून आट्यांवर टेकवा. ज्या पानाच्या दातांमधून उजेड दिसत नाही, ते तुमचं माप. हे नसेल तर बोल्टच खिशात घालून दुकानात जा. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. काउंटरमागचा माणूस दोन बोटांत फिरवून माप सांगतो.

आता एक खास सापळा. पोकळ बोल्टात बसणारे छोटे सेन्सर तीन प्रकारच्या आट्यांचे मिळतात आणि तिघांची जाडी १० मिलिमीटरच्या आसपासच असते. एक एम १०, ज्याचे आटे १ मिलिमीटरच्या अंतरावर असतात. दुसरा १/८ एनपीटी, इंचाला २७ आटे. तिसरा १/८ बीएसपी, काही आशियाई कंपन्या त्याच्या निमुळत्या प्रकाराला पीटी म्हणतात, इंचाला २८ आटे. १/८ इंच म्हणजे आपलं एक सूत, पण हे नाव जुन्या पाइपाच्या आतल्या मापावरून आलेलं आहे. बाहेरून मोजलंत तर एक सूत कुठेच सापडणार नाही.

गंमत अशी की यातला एक दुसऱ्याच्या भोकात बऱ्याचदा एक-दोन फेरे जातो. मग अडतो. मग माणूस पाना लावतो. मग आटे मरतात. हाताने किमान चार-पाच फेरे सहज जात नसेल तर तो सेन्सर त्या भोकाचा नाही, असं समजा आणि थांबा.

सेन्सरची लांबीही बघा. काही इंजिनांत ड्रेनच्या अगदी वर ऑइलची जाळी असते. ऑइल काढलेलं असताना भोकातून एक स्वच्छ स्ट्रॉ हलकेच वर घाला, कुठे टेकते ते नखाने धरा आणि सेन्सरच्या शेजारी ठेवून बघा. सेन्सरचं टोक जाळीपासून निदान पाच-सात मिलिमीटर लांब राहायला हवं.

बसवण्याआधी स्वयंपाकघरात

नवा सेन्सर गाडीला लावण्याआधी उकळत्या पाण्यात तपासा. यासाठी मी घरात चहाचं पातेलं मागितलं तेव्हा नाही म्हणण्यात आलं, म्हणून जुना डबा घेतला.

मीटरला गाडीच्या बॅटरीवरून किंवा १२ व्होल्टच्या अडॅप्टरवरून करंट द्या. सेन्सर एका वायरचा असेल तर त्याच्या धातूच्या अंगापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एक तात्पुरती वायर जोडा, नाहीतर आकडाच येणार नाही. दोन वायरचा असेल तर ती भानगड नाही. पाण्याला खळखळून उकळी आली की सेन्सरचं फक्त टोक बुडवा. डब्याच्या तळाला टेकवू नका, तळ पाण्याहून गरम असतो. कनेक्टर भिजवू नका.

आकडा किती यायला हवा? मुंबईत, रत्नागिरीत, पणजीत १००. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, तिथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. महाबळेश्वरला ९५-९६ लाच उकळी येते. दर ३०० मीटरला साधारण एक अंश कमी, असा हिशेब धरा. माझं मीटर पुण्यात ९५ दाखवत होतं, म्हणजे तीन अंश कमी. बदलून आणलं नाही. मीटरच्या मागे स्केचपेनने "+३" लिहून ठेवलं.

दहा अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर मात्र परत करा. बिल जपून ठेवायचं ते याचसाठी.

सेन्सर बसवणं

हे काम ऑइल बदलायच्या वेळीच करा, म्हणजे ऑइल वाया जात नाही. लागणारं सामान: नवं ऑइल (कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडचंच, ४११ ला १५डब्ल्यू-५०), नवा फिल्टर, ड्रेन बोल्टचा नवा वॉशर, योग्य मापाचा रिंग पाना किंवा सॉकेट, टॉर्क पाना (किती जोराने आवळतोय ते सांगणारा), पसरट टब आणि भरपूर चिंध्या.

गाडी तीन-चार मिनिटं चालू ठेवा. ऑइल कोमट झालं की पटकन उतरतं. लांबून फिरून आल्या आल्या बोल्ट उघडू नका. १०० अंशांचं ऑइल हातावर आलं तर फोड येतो, आणि हात झटकताना टब सांडतो ते वेगळंच. चेंबर गार्ड काढा, टब सरकवा, बोल्ट पान्याने सैल करा आणि शेवटचे फेरे बोटांनी, बोल्ट वर दाबून धरत. ऑइल निथळायला वीस मिनिटं द्या. तेवढ्यात चहा होतो.

जुन्या बोल्टच्या टोकाला चुंबक असेल तर त्यावर करड्या रंगाची बारीक पेस्ट दिसेल. ती नेहमीची. चकचकीत कपचे दिसले तर मीटर राहू द्या, आधी गाडी मेकॅनिकला दाखवा. नव्या पोकळ बोल्टला चुंबक मिळत असेल तर तोच घ्या.

टेबलावर आधी सेन्सर पोकळ बोल्टात घट्ट करून घ्या, इंजिनाखाली झोपून नाही. एनपीटीचे आटे निमुळते असतात, ते आवळत गेल्यावर आपोआप घट्ट होतात आणि जास्त आवळले तर बोल्टच चिरतो. आट्यांना ऑइलला टिकणारं सीलंट थोडंसं लावा. टेफ्लॉन टेपचे सहा वेढे मारायची सवय नळकामातली आहे, इथे नको. एक तर टेपचा तुकडा तुटून ऑइलमध्ये जाऊ शकतो. दुसरं म्हणजे एका वायरच्या सेन्सरचं अर्थिंग याच आट्यांतून इंजिनाला मिळतं, जाड टेपने ते तुटू शकतं.

मग बोल्टला नवा वॉशर घाला आणि हाताने इंजिनात फिरवा. आधी अर्धा फेरा उलटा, टक् असा आटे बसल्याचा बारीक धक्का जाणवला की सुलटा. शेवटी टॉर्क पाना, पुस्तकात दिलेल्या आकड्यावर. इंजिनाची केसिंग ॲल्युमिनियमची आहे आणि बोल्ट स्टीलचा. ओढाताणीत हरतं ते ॲल्युमिनियम. "अजून एक झटका देतो" या वाक्यापोटी किती केसिंगांना हेलिकॉइल (मेलेल्या आट्यांच्या जागी बसवायचं तारेचं वेटोळं) बसवावं लागलं असेल, ते लेथवाल्यांना विचारा.

वायर वर आणणं

माझी चूक इथे झाली. सेन्सरपासून हँडलपर्यंतची वायर मी जवळच्या रस्त्याने नेली, इंजिनाच्या पुढून सरळ वर. जवळचा रस्ता बेंड पाइपाशेजारून, म्हणजे इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या तापट पाइपाशेजारून, जात होता. घरासमोर सगळं ठीक दिसलं. तिसऱ्या रविवारी माळशेज घाट चढताना मीटरने ९८ वरून एकदम १५० मारले. पोटात गोळाच आला. गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, हातमोजा काढून केसिंगजवळ हात नेला. नेहमीइतकंच गरम. मग डोकं चाललं: दोन लिटरच्या आसपास ऑइल एका सेकंदात पन्नास अंश तापत नाही. खाली वाकून पाहिलं तर केबल टाय वितळला होता आणि वायरचं आवरण बेंड पाइपाला चिकटून उघडं पडलं होतं.

एनटीसी सेन्सरची वायर अशी उघडी पडून बॉडीला टेकली की मीटरला रेझिस्टन्स शून्य दिसतो, म्हणजे कमाल तापमान. वायर तुटली तर उलट, आकडा किमान किंवा नुसत्या रेघा. ही एक गोष्ट पाठ करून ठेवा, रस्त्यावर धीर येतो. आकडा हळूहळू चढला तर ऑइल, उडी मारली तर वायर.

तर वायर अशी न्या: सेन्सरपासून मागच्या बाजूला, बेंड पाइपाच्या उलट्या अंगाने, फ्रेमच्या नळीला धरून टाकीखाली, आणि तिथून गाडीच्या मूळ वायरिंगच्या जोडीने हँडलकडे. खालचा हातभर भाग फायबरग्लासच्या उष्णतारोधक स्लीव्हमध्ये घाला. दर वीतभर अंतरावर टाय, पण करकचून नाही. हँडलच्या मानेपाशी थोडी सैल ठेवा आणि हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवून बघा. वायर ताणली जाता कामा नये, क्लच केबल किंवा ब्रेकच्या होजमध्ये अडकता कामा नये.

सेन्सरपासून वीतभर अंतरावर एक वॉटरप्रूफ कनेक्टर टाकाच. का ते शेवटी.

करंट कुठून घ्यायचा

किल्ली चालू तर मीटर चालू, किल्ली बंद तर बंद. बॅटरीवर थेट जोडलं तर मीटर दिवसरात्र थेंबथेंब बॅटरी पीत बसेल, आणि पंधरा दिवसांनी गाडी काढाल तेव्हा स्टार्टर नुसता टिक् करेल.

मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन हेडलाइटच्या मागच्या कनेक्टरमधल्या पायलट लाइटच्या वायरवर. किल्ली बंद असताना शून्य आणि चालू केल्यावर बारा-साडेबारा आला की ही तुमची वायर. मीटरला करंट इतका कमी लागतो की या वायरला तो जाणवतही नाही. ईसीयू, इंधन पंप, एबीएस यांच्या वायरींकडे बघूसुद्धा नका.

जोडल्यावर लगेच पुढे १ किंवा २ ॲम्पियरचा फ्यूज. वायर साधी गुंडाळून वर काळी टेप लावायची, हा प्रकार पहिल्या पावसापर्यंत टिकतो. वायरला चावून बसणारे ते निळे क्लिपवाले कनेक्टरही नकोत, थरथरीने आतल्या तारा एकेक तुटतात. क्रिंप करा, म्हणजे धातूच्या नळीत वायरी घालून ती दाबा, आणि वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आकसणारी) स्लीव्ह चढवा. गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायरला काप न मारता दोन्ही बाजूंना जोडणारा तयार कपलर वापरा, आणि काम करण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या.

मीटर हँडलच्या क्लॅंपवर, डोळ्याच्या रेषेपासून फार खाली नाही अशा जागी लावा. जीपीएस आणि मोबाइलची गर्दी आधीच असेल तर मीटर डाव्या बाजूला. उजवा हात तसाही थ्रॉटल आणि ब्रेकमध्ये गुंतलेला असतो.

पहिली फेरी

ऑइल भरा, इंजिन चालू करा, दोन मिनिटं जागेवरच. बंद करून बोल्टभोवती कोरडा पांढरा कागद फिरवा. डाग नको. मग दहा किलोमीटर फिरून या आणि परत कागद. गरम झाल्यावर सुरू होणारी गळती थंड इंजिनात दिसत नाही. खिडकीतून ऑइलची पातळीही पुन्हा बघून घ्या.

ताळा पाहायचा असेल तर इन्फ्रारेड थर्मामीटर बंदूक वापरा, पण चकचकीत ॲल्युमिनियमवर ती हमखास कमी दाखवते. चेंबरवर काळ्या मॅट रंगाचा रुपयाएवढा ठिपका काढा आणि त्यावर नेम धरा. केसिंग ऑइलपेक्षा काही अंश थंडच असणार, जुळायला हवं ते चढणं-उतरणं.

आकडे वाचताना

पहिले दोन महिने आकडा चांगला की वाईट हे ठरवू नका, फक्त लिहा. माझ्या वहीतले काही: जानेवारीची सकाळ, पुणं, ८० गाठायला चौदा किलोमीटर. हायवे, ताशी ८०, बाहेर ३०, मीटर ९६. ताम्हिणी चढताना मागे माणूस आणि सामान, १०८. एप्रिलची संध्याकाळ, चाकण चौक, अर्धा तास पहिला-दुसरा गियर, ११९. हे माझ्या गाडीचे, चेंबरमधल्या सेन्सरचे आकडे. तुमचे वेगळे येतील.

चांगल्या १५डब्ल्यू-५० ऑइलवर चालणाऱ्या अशा इंजिनाला चेंबरमध्ये ९० ते ११० म्हणजे घरचं हवामान. १२० पर्यंत घाटात, ट्रॅफिकमध्ये जातं आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतं. १३० च्या पुढे जाऊन तिथेच राहत असेल तर मी थांबतो. सावलीत गाडी लावतो, वाऱ्याकडे तोंड करून. तापलेल्या इंजिनावर बाटलीतलं पाणी ओतू नका, धातू अचानक एका बाजूने आकसला की तडा जाऊ शकतो. ऑइलची पातळी बघा. कूलरवर चिखल साचला असेल तर तो काढा. पावसाळी कच्च्या रस्त्यानंतर तापमान वाढण्याचं हे सगळ्यात साधं कारण, आणि सगळ्यात जास्त वेळा हेच निघतं.

चढावर आकडा वाढत असेल तर गियर खाली घ्या. वरच्या गियरमध्ये इंजिन कण्हत ठेवलं की ते जास्त तापतं. नवख्यांना हे उलटं वाटतं, पण मीटर समोर असलं की पाच मिनिटांत पटतं.

थंडीची बाजूही आहे. स्पितीतल्या काझ्यात सप्टेंबरच्या सकाळी ऑइल मधासारखं जड झालेलं असतं. १५डब्ल्यू मधला १५ हा थंडीतल्या प्रवाहाचा दर्जा आहे, त्याची चाचणी उणे २० आणि उणे २५ अंशांना होते, म्हणजे ऑइल वर चढेल याची काळजी नको. पण ५०-६० दिसेपर्यंत थ्रॉटल पिळू नका. आधी मी अंदाजाने दोन मिनिटं थांबायचो आणि निघायचो. मीटर लावल्यावर कळलं, त्या दोन मिनिटांत आकडा जेमतेम हलतो. जागेवर धूर काढत बसण्यापेक्षा हळू निघून पहिले काही किलोमीटर सौम्य चालवणं बरं.

कनेक्टर आणि एक चिठ्ठी

आता त्या वीतभर अंतरावरच्या कनेक्टरचं. पुढच्या सर्व्हिसला गाडी गॅरेजमध्ये जाईल. तिथला पोरगा नेहमीच्या सवयीने ड्रेन बोल्टला पाना लावेल आणि फिरवेल. बोल्टबरोबर सेन्सर फिरेल, सेन्सरबरोबर वायर पीळ खाईल आणि दुसऱ्या फेऱ्याला तुटेल. त्याची चूक नाही, त्याला कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून मी बोल्टजवळच्या फ्रेमला एक पिवळा टॅग बांधला आहे, लॅमिनेट केलेला: "आधी कनेक्टर काढा. वॉशर नवा." खाली मोबाइल नंबर. गेल्या सर्व्हिसला त्याने खरंच फोन केला, "साहेब, कनेक्टर काढला, वॉशर आमच्याकडं नाय, तुमी आणताय का?"

एक वॉशर सीटखालच्या टूलकिटात ठेवलेला होता. आता दोन ठेवतो.